स्प्लिट-केन गळकाठी : ओळख आणि मूल्य

बांबू उभा चिरून काढलेल्या सहा कामट्या त्रिकोणी तासून एकमेकींना चिकटवल्या की सहा पैलूंची काठी तयार होते. मासे गरवण्याच्या अशा काठीला स्प्लिट-केन गळकाठी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९५० पर्यंत अमेरिका आणि इंग्लंडमध्ये ट्राउट व सामन पकडणाऱ्यांची ही आवडती काठी होती. आज तिला संग्राहकांची बाजारपेठ आहे. जितकी जुनी तितकी महाग, असे मात्र इथे मुळीच नाही.

सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू भारतातला. कलकत्ता बंदरातून जाई म्हणून त्याला ‘कलकत्ता केन’ नाव पडले. विदर्भाच्या जंगलात ज्याला मानवेल म्हणतात, तीच ही जात. त्यावर पुष्कळदा भाजल्याचे काळपट डाग असतात आणि ते काठीवरही दिसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या लांब पेरांच्या, चिवट ‘टोंकिन’ बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला, तेव्हा फायबरग्लासच्या काठ्या बाजारात आलेल्याच होत्या. बांबूकाठीचे बहुतेक कारखाने त्यानंतर आटोपले.

काळ ठरवताना रेशमी धाग्याचे वेढे पाहतात. जुना सरस ओलाव्याने सुटे, त्यामुळे कामट्या धरून ठेवायला काठीभर इंचा-इंचावर वेढे घालत. पण पुढे स्वस्त काठ्यांवर असे वेढे निव्वळ शोभेसाठीही आले, म्हणून एकट्या वेढ्यांवर विसंबणे धोक्याचे. दोरी ओवायच्या कड्या जास्त खात्रीच्या. लोंबत्या, सुट्या कड्या असतील तर काठी बहुधा एकोणिसाव्या शतकातली. पिळदार तारेच्या कड्या त्यानंतरच्या.

काठीचे तुकडे जोडणारी धातूची नळी, म्हणजे फेरूल, कारागिराची पत सांगते. चांगल्या काठीला जर्मन सिल्व्हरचे फेरूल असते, कारखानी काठीला निकेलचा मुलामा दिलेले पितळ. मुलामा उडून पिवळे पितळ डोकावले की निम्मा निकाल लागला. बांबूच्या गाठीही बघाव्यात : कसलेला कारागीर सहा कामट्यांच्या गाठी एकाच जागी येऊ देत नाही, ठरावीक क्रमाने पुढे-मागे सरकवतो.

नाव बहुधा मुठीजवळ शाईने लिहिलेले किंवा रीळ बसवायच्या धातूवर ठोकलेले असते. बँगोरचे हायरम लेनर्ड, न्यूयॉर्क राज्यातले जिम पेन, डेट्रॉइटचे पॉल यंग ही मानाची नावे. एव्हरेट गॅरिसन हे पेशाने अभियंता. त्यांनी आयुष्यभरात हजाराच्या आतच काठ्या केल्या, आणि त्यांची एकेक काठी हजारो डॉलरना जाते. इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या हार्डी ब्रदर्सच्या ‘पालाकोना’ काठ्यांवर क्रमांक असतो, त्यावरून निर्मितीचे साल काढता येते. उलट मॉन्टेग्यू, हॉरॉक्स-इबॉट्सन यांनी काठ्या ढिगाने काढल्या, कित्येक तर दुकानांच्या नावाने. तरी दुकानाचे नाव दिसले म्हणून काठी बाजूला टाकू नये : ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानाच्या नावाखाली जिम पेन यांची काठीही निघू शकते.

किंमत खरी ठरते ती अवस्थेवर, आणि इथे मोजपट्टी डोळ्यापेक्षा भरवशाची. फेरूलच्या आत जाणारा भाग वगळून सगळे तुकडे सारख्या लांबीचे भरायला हवेत. शेंडा, म्हणजे टोकाचा तुकडा, दोन-तीन इंच आखूड भरला तर तो कधीतरी मोडून पुन्हा कडी बसवलेली आहे. अशा काठीची किंमत मोठ्या नावालाही सावरता येत नाही. चांगल्या काठीबरोबर मुळातच दोन शेंडे मिळत, दोन्ही असावेत. मग तुकडा डोळ्यासमोर आडवा धरून त्याची सरळ रेषा बघावी. वर्षानुवर्षे भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठीला बाक येतो. थोडा बाक चालतो. पैलूंच्या सांध्यात काळी रेघ उघडलेली दिसणे मात्र वाईट : कामट्या सुटू लागल्या आहेत. काठी हलकेच वाकवताना फेरूलमध्ये ‘टक्’ वाजले तर ते सैल झाले आहे. काठी ठेवायची मूळ कापडी पिशवी आणि धातूची नळी असली तर भाव वाढतो. लांबीलाही मोल आहे : नऊ फुटी काठ्या मुबलक सापडतात, सात-साडेसात फुटी हलक्या काठीला गिऱ्हाईक जास्त.

लाकडी पेटीतला जपानी संच हा नेहमीचा फसवा सापळा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या अमेरिकी सैनिकांनी भेटवस्तू म्हणून हे संच घरी नेले. काठी, गळाला लावायच्या कृत्रिम माश्या, सगळे पेटीत देखणे मांडलेले असते, पण बांबू आणि जोड हलक्या प्रतीचे. वारशात मिळालेला असा संच जपून ठेवावा, मोठ्या रकमेची आशा धरू नये.

विकायची काठी आधी घासूनपुसून नव्याने व्हार्निश करण्याचा मोह बहुतेकांना होतो. त्यात मूळ वेढे आणि शाईचे नाव, दोन्ही पुसले जातात. काठी आहे तशीच जाणकाराला दाखवावी. भाव ठरवताना विक्रेत्याने सांगितलेला आकडा धरू नये. त्याच कारागिराची, त्याच लांबीची काठी लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते बघावे.