साडेअठरा कोणाचे? प्रौढांचा बीएमआय आणि मुलांचा वयानुरूप बीएमआय

प्रौढांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, बहुतेकांना पाठ असतो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, उत्तर १८.५ च्या खाली आले तर वजन कमी, २५ किंवा त्याहून अधिक आले तर जास्त. मुलांसाठीही भागाकार हाच असतो आणि घोटाळ्याचे मूळ नेमके तेच आहे, कारण गणित एक म्हटल्यावर उत्तर ताडून पाहण्याचा तक्ताही एकच असणार, असे आपण गृहीत धरतो. मग शाळेत वजन-उंची मोजून झाली, की गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत कुठल्या ना कुठल्या घरात मोबाइलवर आकडे घालून ‘वजन कमी’ असा निकाल काढला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून पोराच्या पेजेत तूप वाढते.

दहा वर्षे पूर्ण झालेला, १३८ सेंटिमीटर उंचीचा आणि ३१ किलो वजनाचा मुलगा घ्या. त्याचा बीएमआय १६.३ येतो. प्रौढांच्या तक्त्यात तो हाडकुळा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वर्षांसाठीच्या २००७ मधील तक्त्यात मात्र त्या वयाचा मध्यांकच, म्हणजे निम्मी मुले ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात तो आकडाच, १६.४ आहे. आता त्याच वयाचा व उंचीचा, पण ४२ किलोंचा मुलगा पाहा. उत्तर २२, मोबाइल त्याला ‘उत्तम’ म्हणतो आणि प्रत्यक्षात त्याने २१.४ ही लठ्ठपणाची रेषा ओलांडलेली असते. मला ही दुसरी चूक अधिक घातक वाटते, कारण पहिलीत निदान आजी तरी काळजीत पडते, दुसरीत सगळेच निर्धास्त राहतात.

याचे कारण वाढीतच आहे. बीएमआय पहिल्या वर्षात चढतो, नंतर साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढू लागतो. म्हणूनच १८.५ हा एकच आकडा सहा वर्षांच्या मुलाला लठ्ठपणाच्या रेषेवर, दहा वर्षांच्या मुलाला अतिवजनाच्या रेषेवर आणि प्रौढाला कृशतेच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवतो. एकोणिसाव्या वर्षी मुलांच्या तक्त्यातील अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २५ ला जवळजवळ येऊन मिळते. त्याआधी प्रौढांचा तक्ता उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे असतात, हे सांगायला नकोच. वय मात्र पूर्ण झालेल्या वर्षा-महिन्यांतच धरावे. ‘अकरावे चालू आहे’ हे उत्तर तक्त्याला चालत नाही. आणि पन्नासावे पर्सेंटाइल म्हणजे तोच मध्यांक, पन्नास टक्के गुण नव्हेत, हे पालकसभेत दरवेळी नव्याने समजावावे लागते, याचा आता खरोखर कंटाळा आला आहे.

वयानुरूप बीएमआय मध्यावर असला, तरी तो उंचीविषयी काहीच सांगत नाही. दीर्घकाळच्या कुपोषणाने वाढ खुंटलेल्या मुलाचे वजन त्याच्या कमी उंचीला साजेसे असू शकते आणि मग भागाकार निर्दोष दिसतो. ती उणीव दिसण्यासाठी वयानुसार उंचीचा तक्ता वेगळा उघडावा लागतो.