श्कर्तेल, मार्टिन

श्कर्तेल, मार्टिन : (१५ डिसेंबर १९८४ – ). स्लोव्हाक फुटबॉलपटू, मध्यबचावातील खेळाडू आणि स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचा माजी कर्णधार. त्याच्या आडनावाच्या आरंभी स्लोव्हाक लिपीत ‘श’चे अक्षर आहे, मात्र त्यावरची खूण इंग्रजी वृत्तपत्रांत गळून पडल्याने जगभर तो ‘स्कर्टल’ या नावानेच अधिक ओळखला गेला.

त्याचा जन्म वरच्या नित्रा खोऱ्यातील हान्दलोवा या कोळसाखाणींच्या गावी झाला आणि बालपण जवळच्या राज्तोच्नो या खेड्यात गेले. चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन होऊन १ जानेवारी १९९३ रोजी स्लोव्हाकिया स्वतंत्र झाला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. गावातला संघ आणि प्रिएविद्झा येथील क्लब अशा पायऱ्या चढत तो त्रेन्चीनला पोहोचला आणि तेथूनच २००१ च्या सुमारास देशाच्या वरिष्ठ साखळी स्पर्धेत खेळू लागला. मायदेशातील हा टप्पा जेमतेम तीन वर्षांचा ठरला. छोट्या बाजारपेठेच्या स्लोव्हाक फुटबॉलमध्ये हुशार मुलगा विशीतच परदेशी जाणे हीच रीत आहे, आणि श्कर्तेलही तिला अपवाद नव्हता.

२००४ मध्ये रशियातील झेनित सेंट पीटर्सबर्गने त्याला घेतले. तेथे आधी चेक प्रशिक्षक व्लास्तिमिल पेट्रझेला आणि २००६ पासून डच प्रशिक्षक डिक अ‍ॅडव्होकाट यांच्या हाताखाली तो घडला. २००७ मध्ये झेनितने रशियन प्रीमियर लीगचे विजेतेपद प्रथमच पटकावले, तेव्हा श्कर्तेल त्या बचावफळीचा आधार होता. पुढच्याच वर्षी झेनितने युएफा चषक ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली. पण तोवर त्याने क्लब सोडला होता.

जानेवारी २००८ मध्ये प्रशिक्षक राफाएल बेनितेझ यांच्या लिव्हरपूल या इंग्लिश क्लबने त्याच्यासाठी सुमारे ६५ लाख पौंड मोजले. त्यावेळी लिव्हरपूलने एखाद्या बचावपटूसाठी मोजलेली ही सर्वांत मोठी रक्कम होती. सुरुवात मात्र अडखळत झाली. एफए चषकात सहाव्या श्रेणीतील हॅवंट अँड वॉटरलूव्हिल या संघाविरुद्ध तो प्रथमच सुरुवातीच्या अकरांत उतरला. त्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा एक फटका त्याच्या अंगाला लागून जाळ्यात गेला आणि लिव्हरपूल काही काळ पिछाडीवर पडले. अखेर सामना ५–२ असा जिंकला. तरीही साडेआठ वर्षांत, गुडघ्याच्या दुखापतीसह अनेक चढउतार सोसत, तो लिव्हरपूलकडून ३२० सामने खेळला आणि त्यांत त्याने १८ गोल केले. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी लीग चषकाच्या अंतिम सामन्यात कार्डिफ सिटीविरुद्ध बरोबरी साधणारा गोल त्याचाच होता. हा सामना लिव्हरपूलने पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला. त्या हंगामात तो क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वर्षभरातच, जानेवारी २०१३ मध्ये ऑल्डहॅमकडून झालेल्या पराभवानंतर, संघातले त्याचे स्थान डळमळीत झाले. संघातील दुसरा मध्यबचावपटू जेमी कॅरागर निवृत्त झाल्यावर ते पुन्हा पक्के झाले.

२०१३–१४ चा हंगाम त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत विलक्षण म्हणावा लागेल. प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांचा लिव्हरपूल संघ लीगमध्ये १०१ गोल करूनही मँचेस्टर सिटीच्या दोन गुणांनी मागे राहिला. त्यांपैकी ७ गोल श्कर्तेलचे होते, आणि ८ फेब्रुवारी २०१४ रोजी आर्सेनलविरुद्ध ५–१ अशा विजयात पहिल्या दहा मिनिटांतच त्याने दोनदा चेंडू जाळ्यात धाडला. त्याच हंगामात त्याच्या नावावर ४ स्वयंगोलही (स्वतःच्याच संघाच्या जाळ्यात गेलेले गोल) लागले. प्रीमियर लीगच्या एका हंगामात एकाच खेळाडूचे इतके स्वयंगोल त्यापूर्वी कधी झाले नव्हते. या विक्रमाची थट्टा बरीच झाली, पण ती सर्वस्वी न्याय्य नाही. चेंडू जेथे पडणार तेथे अंग झोकून देणारा आणि प्रत्येक क्रॉसला (बाजूने गोलसमोर येणाऱ्या चेंडूला) आडवा जाणाऱ्या बचावपटूच्याच वाट्याला असे अपघात जास्त येतात. अर्थात, कॉर्नरच्या वेळी प्रतिस्पर्ध्याचा सदरा धरून ठेवण्याची त्याची सवय हा दोषच होता, हेही नोंदवायला हवे. डिसेंबर २०१४ मध्ये आर्सेनलविरुद्ध डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत, भरपाई वेळेच्या अखेरीस त्याने डोक्यानेच केलेला बरोबरीचा गोल चाहत्यांच्या विशेष स्मरणात राहिला.

राष्ट्रीय संघाकडून तो जुलै २००४ मध्ये जपानविरुद्ध प्रथम खेळला आणि पुढे १०४ सामन्यांपर्यंत पोहोचला. स्वतंत्र स्लोव्हाकियाच्या पहिल्या विश्वचषकात, २०१० मध्ये, दक्षिण आफ्रिकेत गतविजेत्या इटलीला ३–२ असे हरवून बाद फेरी गाठणाऱ्या संघात तो होता; पुढच्या सामन्यात नेदरलँड्सने त्यांना २–१ ने रोखले. युरो २०१६ या देशाच्या पहिल्याच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत तो कर्णधार होता. रशियावरील विजय आणि इंग्लंडशी गोलशून्य बरोबरी यांच्या बळावर संघ पुढे सरकला, पण जर्मनीपुढे ३–० असा निष्प्रभ ठरला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ग्लासगोत स्कॉटलंडविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात ८९ व्या मिनिटाला झालेला त्याचा स्वयंगोल अधिक महाग पडला, कारण गटात दुसरे येऊनही स्लोव्हाकियाला पुढील विश्वचषकाच्या प्लेऑफमध्ये स्थान मिळाले नाही. स्लोव्हाकियाचा वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान त्याला २००७, २००८, २०११ आणि २०१२ असा चार वेळा मिळाला.

२०१६ मध्ये तो इस्तंबूलच्या फेनेरबाचेकडे गेला. योगायोगाने तेथेही लवकरच अ‍ॅडव्होकाट प्रशिक्षक म्हणून आले. २०१९ च्या उन्हाळ्यात इटलीच्या अतालांता या क्लबाशी झालेला करार एकही अधिकृत सामना न खेळताच संपुष्टात आला आणि तो इस्तंबूलला परतला, या खेपेस बाशाकशेहिर या क्लबात. २०१९–२० मध्ये या क्लबाने आपले पहिले तुर्की विजेतेपद मिळवले. २०२१ मध्ये, सतरा वर्षांनी, तो स्लोव्हाक लीगमध्ये स्पार्ताक त्रनावाकडून खेळण्यासाठी मायदेशी आला. परंतु शरीर साथ देईना, म्हणून मे २०२२ मध्ये त्याने व्यावसायिक फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर तो खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या राज्तोच्नोच्या गावसंघात दाखल झाला.