व्यायाम कधी वाढवायचा, हे कोण ठरवणार?

घरी व्यायाम करून घेणारी आणि तो कधी वाढवायचा हेही ठरवणारी एआय ॲप आली आहेत; पण फिजिओथेरपिस्टांच्या मनातली अशा यंत्रांबद्दलची धास्ती या ॲपच्या आधीची आहे. पक्षाघातानंतरच्या हाताकडून तीच हालचाल शेकडो वेळा करून घेणारी रोबोटिक यंत्रे १९९०च्या दशकात आली. यंत्रच हात उचलून देऊ लागले की रुग्ण जोर लावेनासा होतो, हे लवकरच कळले. मग लागेल तेवढीच मदत देणारी यंत्रे बनू लागली.

२०१०मध्ये गेमसाठीचा, समोरच्या वस्तूचे अंतर मोजणारा स्वस्त कॅमेरा आला. २०१७पासून साध्या चित्रणातून सांधे ओळखणाऱ्या प्रणाली खुल्या झाल्या आणि २०२०च्या लॉकडाऊनने कॅमेऱ्यासमोर व्यायाम करण्याची ही सोय घरोघरी नेली. कॅमेऱ्याने सांध्याचा कोन मोजण्यावरून आता फारसे भांडण नाही; फक्त पथ्ये पाळावी लागतात. कॅमेरा सांध्याच्या उंचीवर, बरोबर बाजूला आणि स्थिर हवा. कपडे अंगासरशी हवेत. पाय थोडा तिरका वळला किंवा टाच चादरीत लपली की आकडा चुकतो. पण सांध्याचा कोन हाताने मोजायच्या पट्टीने, म्हणजे गोनिओमीटरनेही, ५ अंश इकडेतिकडे होतातच.

खरा वाद पुढच्या पायरीचा आहे. सुरुवातीची ॲप फिजिओने दिलेली यादीच दाखवत. नंतरची स्वतः व्यायाम वाढवू लागली. गुडघ्याचा सांधा बदललेला रुग्ण घ्या. पाय सरळ ठेवून उचलण्याचे १०चे ३ सेट झाले, वेदना १०पैकी २ नोंदवली. ॲप घोट्याला अर्धा किलो वजन बांधायला सांगते. वेदनाशामक गोळी तासाभरापूर्वी घेतली होती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही, पाय ५-१० अंश वाकलेलाच उचलला जातो आणि मोजणी मात्र पूर्ण होते. दुसऱ्या दिवशी गुडघा आणखी सुजतो. फिजिओ आधी वाटीवरून टेप फिरवून घेर मोजतो, त्वचा गरम आहे का पाहतो, गुडघा ताणताना शेवटी लागणारा अडथळा मऊ की कडक हे हाताने जोखतो. कॅमेऱ्याला यातले काही कळत नाही.

दुसरी बाजूही खोटी नाही. आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्या रुग्णाने मधल्या दिवसांत काय केले, हे रोजच्या नोंदीतूनच दिसते. म्हणून ‘ॲपने सुचवावे, फिजिओने मंजूर करावे’ असा मध्यममार्ग निघाला. गर्दीच्या दिवशी मात्र मंजुरी म्हणजे नुसते बटण दाबणे होते आणि इजा झाली तर सही फिजिओची असते. जुन्या कंबरदुखीत चालण्याची मिनिटे ॲपने वाढवायला हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत हा अधिकार त्याला देऊच नये.

२०२२च्या अखेरीपासून चॅटजीपीटीसारखे चॅटबॉट आले. त्यांच्याकडून रुग्णाच्या नोंदी लिहून घेतल्या की फिजिओचा वेळ वाचतो, त्यामुळे विरोध कमी आहे. पण डाव्याचे उजवे झाले, किंवा पायावर किती वजन टाकायचे तिथे ‘अंशतः भार’ऐवजी ‘पूर्ण भार’ लिहिले गेले, तर पुढच्या पाळीचा फिजिओ न भरलेल्या हाडावर रुग्णाला उभे करील.