स्वस्त काडतुसं हरणाला पुरतात का? आधी तुमच्या रायफलला विचारा

हंगाम जवळ आला की दुकानात रोज एकच प्रश्न येतो. "ही तीस डॉलरची पेटी चालेल, की साठवाली घेऊ?" पेनसिल्व्हेनियात रायफलची शिकार 2019 पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होते. आदल्या आठवड्यात फळीवर जे उरलेलं असेल ते उचलून लोक रानात जातात, म्हणून हे पत्रक सप्टेंबरातच तुमच्या हाती देतोय.

थोडक्यात उत्तर असं: आपल्या भागात बहुतेक हरणं शंभर यार्डांच्या आतच दिसतात, आणि तेवढ्यासाठी साधी मऊ टोकाची, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली गोळी पुरते. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट 1939 पासून हेच काम करत आली आहे. विंचेस्टरची पॉवर-पॉइंट आणि फेडरलची निळ्या पेटीतली पॉवर-शॉक त्याच पंगतीतल्या. मात्र पेटी चांगली असली म्हणून ती तुमच्या रायफलला मानवेलच असं नाही. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी त्यांच्या आवडी निराळ्या निघतात.

पेटीवरचा आकडा

.308 विंचेस्टर या काडतुसाच्या 150 ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) पेटीवर सहसा सेकंदाला 2820 फूट वेग छापलेला असतो. तो बहुधा 24 इंची नळीतून मोजलेला असतो. तुमची नळी 20 इंची असेल तर इंचामागे वीस-पंचवीस फूट वजा करा. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, आकडा शंभराने कमी आला की लोक "कंपनीने फसवलं" म्हणत येतात. फसवलेलं कोणी नसतं, नळी आखूड असते. आम्ही स्वतः सरासरीपेक्षा दहा गोळ्यांतल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतलं अंतर बघतो. स्वस्त पेट्यांत ते जास्त असतं. तीनशे यार्डांवर त्याने गोळी वर-खाली जाते, शंभरावर कागदाला पत्ताही लागत नाही.

कागदावर

दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पेटी घ्या, सगळ्यांत ग्रेन तेच ठेवा. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्या झाडा, मध्ये नळी गार होऊ द्या. कंपनी बदलली की पहिल्या दोन-तीन गोळ्या मोजू नका, कारण नळीत आधीच्या गोळीचं तांबं बसलेलं असतं. तीनच गोळ्यांचा गट मारून फोटो काढणारे खूप भेटतात. तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात.

स्वस्त पेटीच्या पाचही गोळ्यांची भोकं दीड-दोन इंचांत आली तर खुशाल घ्या. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण आठ इंचांची असते, म्हणजे कागदी ताटलीएवढी. उरलेले सहा इंच थंडीत थरथरणाऱ्या हातासाठी लागतात.

आणखी एक चाचणी आम्ही सगळ्यांना करायला लावतो. पाच वेगवेगळ्या दिवशी, गार नळीतून, एकेकच गोळी, आणि तीही त्याच कागदावर. रानात पहिली गोळी गार नळीतूनच सुटते, दुसरीची संधी मिळेलच असं नाही.

पाण्याच्या कॅनवर

कागद फक्त नेम सांगतो. गोळी आत जाऊन काय करते ते बघायला प्रयोगशाळेत 10 टक्क्यांचं जिलेटिन 4 अंश सेल्सियसला ठेवून वापरतात. आपल्याला ते परवडत नाही, म्हणून दुधाचे रिकामे गॅलन पाण्याने काठोकाठ भरून सात एका रांगेत लावतो. मागे मातीचा भक्कम बांध हवाच. पहिला कॅन फुटून चिंध्या होतो, दुसऱ्याचीही तीच गत. मऊ टोकाची गोळी बहुधा चौथ्या-पाचव्या कॅनच्या तळाशी सापडते. ती तळहातावर घ्या: तांब्याचं आवरण पाकळ्यांसारखं मागे वळलेलं, मधे शिशाचा काळपट गोळा, आणि मूळ जाडीच्या जवळजवळ दुप्पट पसारा. वजन करा. 150 ग्रेनमधले शंभरच्या आसपास उरतात, बाकीचं शिसं वाटेत सांडतं. शिसं आणि आवरण एकजीव केलेल्या महाग गोळीत बहुतेक वजन शाबूत राहतं. साठ डॉलर घेतात ते याचे. गोळी खांद्याच्या हाडावर बसली की हा फरक कळतो. फासळ्यांमधून गेली तर हरणालाही कळत नाही.

पाणी म्हणजे मांस नव्हे, गोळीवर ते जास्तच कठोर असतं. ही चाचणी दोन पेट्यांची तुलना करायला ठीक आहे, त्यापलीकडे तिच्यावरून भाकितं करू नका. साधी मऊ गोळी नीट उमलायला साधारण 1800 फुटांचा वेग लागतो. वर सांगितलेल्या .308 चा दोनशे यार्डांवर 2200 च्या आसपास उरतो. म्हणून स्वस्त पेटी घेणाऱ्याला आम्ही दोनशेच्या पुढे झाडू नका असं सांगतो.

फळीवरची सर्वांत स्वस्त पेटी मात्र हरणासाठी घेऊ नका. ती पूर्ण आवरणाची, म्हणजे टोकापर्यंत मढवलेली असते, चांदमारीला ठीक. ती उमलत नाही, आरपार जाते आणि हरीण जखमी होऊन मैलभर पळतं. अनेक राज्यांत तिला बंदीही आहे. कॅलिफोर्नियात जाणार असाल तर तिथे 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची कोणतीच गोळी चालत नाही, तांब्याची घ्यावी लागते. घरात लहान मुलं असतील तर इथेही तांब्याचीच घ्या असं आम्ही म्हणतो. शिशाची वापरलीत तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. त्या मांसाचा खिमा करायचा मोह नको, रश्शाला मागची मांडी पुष्कळ होते.

पसंत पडलेल्या पेटीच्या झाकणावरचा लॉट नंबर लिहून आणा. त्याच लॉटच्या आणखी दोन पेट्या बाजूला काढून ठेवू. काडतुसाचं नाव नळीवर कोरलेल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेही बघा.

आता आपल्या मंडळींसाठी खास दोन गोष्टी. एच-1बीसारख्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद आहे. तो काढल्याशिवाय आमच्याकडेही पेटी मिळणार नाही, रागावू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

दुसरं, रानात नेलेली पाठपिशवी घेऊन भारतात जाऊ नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणांत दिसलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. रिकामी पुंगळी आठवण म्हणून भाच्याला नेऊ नका. पिशवी वेगळीच ठेवा, आणि नाहीच जमलं तर निघण्याआधी उलटी करून झटका.