रूफ बॉक्स ‘क्रॅश टेस्टेड’ आहे, पण आतलं सामान बांधलंय का?

गाडीच्या छतावर सामानासाठी बसवायचा बॉक्स घेताना जवळपास प्रत्येक जण विचारतो, “हा क्रॅश टेस्टेड आहे ना?” हो, आम्ही विकतो ते सगळे आहेत. पण प्रवास आटोपला की त्यातलेच काही जण तक्रार घेऊन येतात: पुढच्या कोपऱ्याला तडा गेला, झाकण नीट बसत नाही, ब्रेक मारला की वर धडधड होते. आम्ही बॉक्स उघडतो, तर आतले पट्टे कारखान्यातून आले तसेच गुंडाळलेले असतात. दुरुस्तीत तुमचा दिवस जातो आणि आमचाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

क्रॅश टेस्टमध्ये नेमकं काय होतं ते आधी पाहू. छतावरच्या कॅरियरसाठी डीआयएन ७५३०२ (जर्मन) आणि आयएसओ १११५४ (आंतरराष्ट्रीय) ही मानकं आहेत. ‘सिटी क्रॅश’ म्हणतात ती चाचणी साधारण ताशी ३० किलोमीटर वेगाची. भरलेला बॉक्स बारसकट, म्हणजे छतावरच्या ज्या आडव्या दांड्यांवर तो बसतो त्यांच्यासकट, एका सरकत्या सांगाड्यावर बसवतात आणि सांगाडा झटक्यात थांबवतात. बार छतावरून सुटू नयेत, बॉक्स बारवरून निसटू नये, सामान बाहेर फेकलं जाऊ नये, हे बघायचं असतं. हायवेच्या वेगाने होणाऱ्या धडकेची ही चाचणी नव्हे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे “शंभरच्या स्पीडला टिकेल का?” याला आम्ही कधीच हो म्हणत नाही. आणि निर्मात्याने बॉक्सची जी खात्री दिलेली असते, ती त्याच्या सूचनेप्रमाणे भरलेल्या, पट्टे बांधलेल्या बॉक्सची असते.

आता पट्ट्याने काय फरक पडतो? समजा १५ किलोची बॅग आहे आणि गाडी ३० च्या वेगात कशावर तरी आदळली. पुढचा भाग चेपत गाडी साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबते. बॅग घट्ट बांधलेली असेल तर तीही तेवढ्याच अंतरात थांबते आणि पट्ट्यावर सुमारे १०० किलोचा ताण येतो. बॅग मोकळी असेल तर गाडी थांबली तरी ती त्याच वेगाने पुढे जाते, बॉक्सच्या पुढच्या भिंतीवर आपटते आणि दहाएक सेंटिमीटरमध्ये थांबते. तेव्हा त्या भिंतीवर ५०० किलोच्या आसपास जोर येतो. ती भिंत म्हणजे काही मिलिमीटर जाडीचं एबीएस प्लास्टिक. तिने वारा-पाऊस अडवायचा, बॅगा अडवणं तिचं काम नाही. नुसत्या जोरदार ब्रेकनेही मोकळं सामान पुढे सरकतं. तडे बहुतेक असेच, धडक न होता पडतात.

बांधायची पद्धत सोपी आहे. जड बॅगा दोन बारच्या मधोमध, तळाला. पुढच्या टोकात पांघरुणं, जॅकेट, झोपायच्या पिशव्या असं मऊ सामान गच्च भरा. तंबूच्या काठ्या, ट्रायपॉड, स्की अशा लांब वस्तू वेगळ्या पट्ट्याने आवळा. सगळ्यात जास्त नुकसान याच करतात, कारण सगळा जोर एका टोकावर येतो. बॉक्स अर्धा रिकामा असेल तर पट्टा आणखी महत्त्वाचा, कारण सामानाला धावायला जागा मिळते. झाकणाच्या दाबावर विसंबू नका आणि बाहेरून दोरी आवळू नका, त्याने झाकण वाकतं.

वजनाबद्दलही विचारणा असते. बॉक्सवर ७५ किलो लिहिलेलं असलं तरी गाडीच्या छताची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा. ती ७५ असेल, तर त्यातून बारचे ५ आणि बॉक्सचे २० वजा करा. सामानाला ५० किलोच उरतात. बारची मर्यादा वेगळी असते. तिन्ही हिशेबांत जो आकडा सगळ्यात लहान निघेल तो धरायचा.

काही ग्राहकांना आम्ही अडून बसतो असं वाटतं. मॅन्युअल पाहिल्याशिवाय बॉक्स बसवत नाही, घरी वेल्ड केलेल्या बारवर बसवत नाही, आणि ताबा देताना पट्टे तुमच्याच हातून एकदा बांधून घेतो. थोडा वेळ जातो हे खरं. पण ज्यांनी समोर बांधून पाहिलं, ते तड्याची तक्रार घेऊन क्वचितच येतात, म्हणून ही पद्धत आम्ही सोडणार नाही.

जुन्या बॉक्सचे पट्टे हरवले असतील तर मापाचे पट्टे आमच्याकडे मिळतात. बॉक्सच्या आकाराच्या मऊ बॅगाही ठेवतो. त्या एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे बांधणं निम्मं सोपं होतं. बॉक्स बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून बॉक्स बारला धरून ठेवणारा क्लॅम्प हाताने तपासा. सैल वाटला तर गाडी घेऊन या, आवळून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.

गाडीला अपघात झाला असेल, तर बॉक्स वरून धडधाकट दिसला तरी बार आणि क्लॅम्पसह बदला. प्लास्टिकमधले बारीक तडे आणि क्लॅम्पचा किंचित वाक डोळ्यांना दिसत नाही, आणि असा बॉक्स आम्ही पुन्हा बसवून देत नाही.