जयंत पाटील म्हणजे नक्की कोणते? इस्लामपूरचे की अलिबागचे

१२ जुलै २०२४, संध्याकाळची वेळ. आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो टाकला, खालच्या पट्टीत मोठ्या अक्षरात "जयंत पाटील पराभूत". वाळवा तालुक्यातल्या मावशीने लगेच विचारलं, अरे पण इलेक्शन कधी झालं? आम्ही तर मत द्यायलाच गेलो नाही! आणि मावशीचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण तिचे जयंत पाटील पडलेच नव्हते, ते उभेच नव्हते. पडले होते ते दुसरे जयंत पाटील. मजा म्हणजे त्यांना निवडून आणायला जे धावपळ करत होते त्यात हे पहिले जयंत पाटील होते. आता पट्टीवर एवढं कोण लिहिणार.

हा घोळ नेहमीचाच आहे म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

एक आहेत जयंत राजाराम पाटील, सांगली जिल्हा, वाळवा तालुका, गाव कासेगाव, पक्ष राष्ट्रवादी आणि फुटीनंतर शरद पवारांसोबत. दुसरे जयंत प्रभाकर पाटील, रायगड जिल्हा, अलिबाग, पक्ष शेतकरी कामगार पक्ष म्हणजे आपला शेकाप, लाल बावटा. पेपरवाले दुसऱ्यांच्या मागे न चुकता "शेकापचे" लावतात आणि पहिल्यांना नुसतं जयंत पाटील म्हणतात, त्यामुळे "शेकापचे" हा शब्द जागेअभावी गळला की लोक सरळ सांगलीला जाऊन पोचतात. कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकलं तर मात्र चूक होणार नाही. तिकडे वाळव्यात "साहेब" नाहीतर "जयंतराव", इकडे अलिबागला "जयंतभाई". शेकापमध्ये भाई म्हणजे कॉम्रेडसारखं, गुंडाचा भाई नव्हे.

घराणी दोघांचीही मोठी, आणि घोळात भर म्हणजे दोघांच्याही वडिलांच्या नावाने संस्था चालतात. सांगलीकडे "राजारामबापू" दिसलं, म्हणजे साखराळ्याचा साखर कारखाना, इंजिनीअरिंग कॉलेज वगैरे, की ते पहिले. राजारामबापू पाटील राज्याचे मंत्री होते, वसंतदादांशी त्यांचं राजकारण किती टोकाचं होतं हे सांगलीतला कुठलाही म्हातारा माणूस चहा संपेपर्यंत सांगेल. बापू जानेवारी १९८४ ला गेले तेव्हा जयंतराव मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून सिव्हिल इंजिनीअरिंग करून पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत होते, ते परत आले आणि कारखान्यात लक्ष घालू लागले. अलिबागकडे मात्र ओळखायची खूण म्हणजे "पीएनपी", प्रभाकर नारायण पाटील. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या ज्या लाँच आहेत त्यातल्या एकीवर हीच तीन अक्षरं दिसतात, मुंबईकर विकेंडला त्याच बोटीत बसून जातात आणि हे एका राजकीय घराण्याचं नाव आहे हे निम्म्यांना माहीत नसतं. यातले नारायण म्हणजे नारायण नागू पाटील, जयंतभाईंचे आजोबा. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीला कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे जमीन कसणाऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध, संप केला, जमीन कसायचीच बंद केली आणि तो तब्बल सहा वर्षं चालला, त्या संपाचे ते नेते. "कृषीवल" हा पेपरही त्यांचाच. म्हणजे एकीकडे साखर आणि सहकार, दुसरीकडे भात, खोती आणि लाल झेंडा, आडनाव सोडलं तर मुळात काही सारखं नाही.

आता खरा फरक, जो मला नावापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. दोघांच्याही नावापुढे वर्षानुवर्षं "आमदार" लागलं, पण दोघांची आमदारकी वेगळ्या जातीची.

जयंतराव विधानसभेचे. लोकांमध्ये जायचं, मतं मागायची, मतमोजणीच्या दिवशी फेऱ्या मोजत बसायचं. पहिल्यांदा १९९० मध्ये काँग्रेसकडून वाळव्यातून निवडून आले, वय २८. १९९५ ला परत काँग्रेस, १९९९ ला पवार बाहेर पडले तेव्हा राष्ट्रवादी, मग २००४. मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ पासून मतदारसंघाचं नाव इस्लामपूर झालं, तालुका वाळवाच, म्हणून जुन्या याद्यांमध्ये वाळवा आणि नव्यात इस्लामपूर बघून ते मतदारसंघ बदलत फिरले असं समजू नका. (२०२५ मध्ये सरकारने गावाचंच नाव ईश्वरपूर केलं, म्हणजे पुढच्या पिढीला अजून एक घोळ.) २००९, २०१४, २०१९, २०२४ धरून सलग आठ वेळा. २०१९ ला लीड ७२ हजारांच्या आसपास होतं, तेव्हा हरलेल्या निशिकांत पाटलांनीच २०२४ ला अजित पवार गटाकडून उभं राहून ते १३ हजारांवर आणलं. जिंकले, पण गावाकडे त्या दिवशी दुपारपर्यंत फटाके विकत घ्यायचे की नाही यावर चर्चा चालू होती हे मी फोनवर ऐकलंय.

मंत्रीपदंही भरपूर. १९९९ ते २००८ अर्थमंत्री, सलग नऊ बजेट मांडली. २६/११ नंतर गृहमंत्री आर. आर. आबा पाटलांनी राजीनामा दिल्यावर गृहखातं यांच्याकडे आलं, आबाही सांगली जिल्ह्यातलेच, तर खातं जिल्ह्याबाहेर गेलंच नाही. मग ग्रामविकास, नंतर उद्धव ठाकरेंच्या सरकारात जलसंपदा. २०१८ पासून २०२५ पर्यंत पक्षाचे प्रदेशाध्यक्ष. आणि "करेक्ट कार्यक्रम" हा शब्द महाराष्ट्राला ज्यांनी दिला ते हेच. २०२१ ला सांगली महापालिकेत भाजपचं बहुमत असताना राष्ट्रवादीचा महापौर बसवला, तेव्हापासून तो शब्द लग्नाच्या मेन्यूपासून क्रिकेटपर्यंत सगळीकडे वापरतात.

जयंतभाई विधान परिषदेचे, वरचं सभागृह. तिथे ते वीसेक वर्षांहून जास्त काळ होते, आणि ते आमदारांमधून निवडून जायचे, म्हणजे मतदार तुम्ही आम्ही नाही, विधानसभेचे आमदार. अलिबागच्या कुठल्याही साध्या मतदाराने या जागेसाठी मतदान केलेलं नाही. अलिबागची विधानसभेची जागा घरातले दुसरे लढवायचे, बहीण मीनाक्षी पाटील तिथून आमदार होत्या, राज्यमंत्रीही झाल्या, नंतर २०१४ ला भाऊ पंडित पाटील आमदार झाले. जयंतभाई पक्ष, जिल्हा बँक आणि परिषद सांभाळायचे. ते शेकापचे सरचिटणीस, आणि इथेही लोक फसतात कारण बाकीच्या पक्षांत सरचिटणीस म्हणजे पंचवीस जणांतला एक, लेटरहेडवरचं पद. शेकापमध्ये सरचिटणीस हाच पक्षाचा मुख्य माणूस.

मग प्रश्न येतो की शेकापचे आमदार मोजून एकदोन असताना परिषदेत माणूस निवडून कसा यायचा? दुसऱ्यांच्या उरलेल्या मतांवर. याला मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये, ते एक कसब आहे. मोठ्या पक्षाकडे एक उमेदवार निवडून येऊन थोडी मतं शिल्लक राहतात, तशी दोनतीन ठिकाणची शिल्लक गोळा केली की काम होतं, त्यासाठी सगळ्यांशी बोलणं ठेवावं लागतं. २०१८ ला तर ११ जागांना ११च अर्ज राहिले आणि जयंतभाई बिनविरोध झाले, मतदानच नाही. तसं शेकापने सत्तेतली ताकदही बघितलीय. १९९९ च्या आघाडी सरकारात ते होते आणि २००२ मध्ये रायगडच्या राजकारणात राष्ट्रवादीशी बिनसलं म्हणून पाठिंबा काढला, विलासरावांचं सरकार गदागदा हललं. त्या वेळी त्याच सरकारात अर्थमंत्री कोण, तर इस्लामपूरचे जयंत पाटील. म्हणजे एका जयंत पाटलांच्या पक्षाने काढलेल्या पाठिंब्यावर दुसऱ्या जयंत पाटलांचं मंत्रीपद लटकलं होतं, आता ही बातमी विदाउट इनिशियल लिहून बघा.

२०२४ ला मात्र ११ जागांना १२ उमेदवार राहिले, एक पडणार हे नक्की. हिशोब असा असतो: मतदार आमदार २७४, जागा ११, तर २७४ ला जागांपेक्षा एकने जास्त म्हणजे १२ ने भागायचं, येतात बावीस पॉइंट काहीतरी, म्हणून पहिल्या पसंतीची २३ मतं मिळाली की माणूस सेफ (आमदार उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीचे क्रमांक देतात). कमी पडली तर दुसऱ्या पसंतीची मतं मोजतात, तिथे नशीब आणि मॅनेजमेंट दोन्ही लागतं. राज्यसभेला आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते, परिषदेला तसं नाही, मतदान गुप्त, म्हणून फाटाफूट होते ती इथेच. जयंतभाईंना शरद पवार गटाचा पाठिंबा होता, पहिल्या पसंतीची पडली १२. ठाकरेंचे मिलिंद नार्वेकर २२ वर अडकले आणि दुसऱ्या पसंतीवर निघाले. काँग्रेसच्या प्रज्ञा सातवांना २५. काँग्रेसची निदान सात मतं फुटली अशी चर्चा तेव्हा सगळीकडे होती. जयंतभाई पडले. आणि त्याच दिवशी भाजपकडून निवडून आले सदाभाऊ खोत, जे वाळवा तालुक्यातले आणि जयंतरावांचे जुने विरोधक! मावशी गोंधळली यात तिची काय चूक सांगा.

म्हणून मी म्हणतो की "पडले" हा शब्दसुद्धा दोघांसाठी एक नाही. जयंतराव उद्या पडले तर त्याचा अर्थ असा की वाळव्यातल्या लाखभर लोकांनी काहीतरी ठरवलं. जयंतभाई पडले त्याचा अर्थ एवढाच की मुंबईत विधानभवनात दहाअकरा आमदार ठरल्या जागी उभे राहिले नाहीत. "अलिबागच्या जनतेने नाकारलं" असं त्या रात्री बऱ्याच जणांनी लिहिलं, पण जनतेला विचारलं कोणी होतं? जनतेचा निकाल नोव्हेंबरमध्ये वेगळा आला, जयंतभाईंच्या सून चित्रलेखा पाटील अलिबागमधून उभ्या होत्या आणि शिंदे सेनेच्या महेंद्र दळवींकडून हरल्या. तो पराभव मोठा, असं माझं मत. शेकापची राज्यात एकच जागा आली, सांगोला. पुढच्या वर्षी भाऊ पंडित पाटील भाजपमध्ये गेले.

नावाच्या घोळाला हसू नका बरं का, रायगडमध्ये तर नाहीच. २०१४ च्या लोकसभेला सुनील तटकरे अनंत गीतेंकडून फक्त २,११० मतांनी पडले आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८०० च्या वर मतं होती. आणि जयंतरावांच्या पक्षाने २०२४ ला साताऱ्यात चिन्हाचा तोच भोग भोगला, पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि दुसऱ्या एका उमेदवाराचं नुसती पिपाणी, पक्षाचा उमेदवार पडला ३२ हजारांनी आणि पिपाणीवाला ३७ हजार घेऊन गेला.

सध्या ओळखायला एक सोपी गोष्ट आहे. जयंतरावांनी जुलै २०२५ मध्ये प्रदेशाध्यक्षपद सोडलं, शशिकांत शिंदे आले, पण आमदारकी आहे. जयंतभाईंची परिषदेची टर्म जुलै २०२४ ला संपली, पण सरचिटणीसपद आहे. त्यामुळे नव्या बातमीत "आमदार जयंत पाटील" असेल तर इस्लामपूर समजा, "सरचिटणीस जयंत पाटील" असेल तर अलिबाग. जुलै २०२४ च्या आधीची बातमी असेल तर दोघेही आमदार, तिथे जिल्हा बघितल्याशिवाय फॉरवर्ड करू नका. मावशीने आता फोनमध्ये एकाला "आपले" आणि दुसऱ्याला "बोटवाले" असं नाव ठेवलंय, आणि ग्रुपवर तेच चालतं.