रोलिंग रिलीज आणि पॉइंट रिलीज (डेस्कटॉप लिनक्स)

लिनक्सच्या डिस्ट्रो (लिनक्सवर बेतलेल्या तयार सिस्टिम, जसे डेबियन, उबुंटू, आर्च) नवे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यापर्यंत कोणत्या लयीने पोचवतात, यावरून पडलेले दोन प्रकार. पॉइंट रिलीज पद्धतीत हजारो पॅकेजे (बसवायला तयार बांधलेले सॉफ्टवेअर) ठरलेल्या वेळी गोठवतात, काही आठवडे ते काही महिने तपासतात आणि एका क्रमांकाखाली बाहेर काढतात. पुढची आवृत्ती येईपर्यंत त्यांत मुख्यतः दुरुस्त्याच होतात. रोलिंग पद्धतीत आवृत्ती नसतेच. मूळ प्रकल्पाने नवे काही काढले की ते तपासून त्याच रेपोत (पॅकेजांच्या ऑनलाइन कोठारात) येते आणि एकदा बसवलेली सिस्टिम वर्षानुवर्षे पुढे सरकत राहते. कोल्हापुरी माणसाला हे चटकन कळते: एक गुळाच्या रव्यासारखे, हंगामात बांधलेले आणि वर्षभर पुरणारे, दुसरे गंगावेशीतल्या धारोष्ण दुधासारखे, समोर काढलेले, पण त्यासाठी रोज कट्ट्यावर जावे लागते.

‘पॉइंट रिलीज’ हा शब्द जरा फसवा आहे. डेबियनमध्ये 12.1, 12.2 अशा, साधारण दोन महिन्यांनी निघणाऱ्या दुरुस्ती-संचांना हे नाव आहे. बोलण्यात मात्र सगळ्याच क्रमांकित आवृत्त्यांना ते लावतात, आणि इथेही तोच रूढ अर्थ घेतला आहे.

डेबियनची नवी आवृत्ती दोनएक वर्षांनी येते. बुकवर्म ही 12वी जून 2023 मध्ये आली, ट्रिक्सी ही 13वी ऑगस्ट 2025 मध्ये. उबुंटू ऑक्टोबर 2004 पासून वर्षातून दोनदा निघते आणि तिच्या क्रमांकातच वर्ष व महिना असतो, जसे 24.04. हल्ली सम वर्षातल्या एप्रिलची आवृत्ती एलटीएस (दीर्घकाळ आधाराची) असते आणि तिला 5 वर्षे दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त 9 महिने. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी येते, आधार सुमारे 13 महिने. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटू एलटीएसवर उभी आहे. रोलिंगमध्ये आर्च (2002 पासून), जेंटू, व्हॉइड आणि ओपनसुसे टम्बलवीड ही मुख्य नावे. टम्बलवीडचा प्रत्येक संच स्वयंचलित चाचणीतून जातो: यंत्र स्वतः सिस्टिम बसवते, सुरू करते, खिडक्या उघडून पाहते, आणि मोठा बिघाड दिसला तर तो संच अडवला जातो. मांजारो आर्चचीच पॅकेजे काही काळ राखून मग सोडते.

सगळ्यात जास्त गैरसमज ‘स्टेबल’ या शब्दाने केला आहे. डेबियन स्टेबल म्हणजे कधी न कोसळणारी नव्हे, न बदलणारी. तिच्यात पहिल्या दिवशी असलेली एखादी बारीक चूक दोन वर्षे तशीच राहू शकते. पण ती रोज त्याच जागी असते आणि तिला वळसा घालायची सवय होते. डीटीपीच्या दुकानात या न बदलण्याची किंमत कळते. लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती किंवा देवनागरी फॉन्ट बदलला की एखादी ओळ तसूभर लांबते, शेवटचा शब्द खाली उतरतो आणि एका पानात बसवलेली पत्रिका दुसऱ्या पानावर जाते. सिस्टिम कोसळलेली नसते, तरी गिऱ्हाईक काउंटरवर उभे असताना काम अडतेच.

दुसरा गैरसमज असा की जुना क्रमांक म्हणजे असुरक्षित सॉफ्टवेअर. पॉइंट रिलीजमध्ये सुरक्षेची दुरुस्ती नव्या आवृत्तीतून काढून जुन्या आवृत्तीला जोडतात. म्हणून पॅकेजचा मुख्य क्रमांक तोच राहतो, त्याच्या शेपटीचा आकडा वाढतो. नुसता मुख्य क्रमांक पाहून धोका ठरवणे चूक आहे. उलट बाजूचे उदाहरण 29 मार्च 2024 चे. प्रोग्रामर अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड युटिल्स या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा त्या दिवशी उघड केला. त्या आवृत्त्या आर्च, टम्बलवीड आणि डेबियन अनस्टेबलपर्यंत (नवी पॅकेजे आधी येतात ती शाखा) पोचल्या होत्या. डेबियन स्टेबलपर्यंत पोचल्या नव्हत्या. हा चोरदरवाजा एसएसएच सेवेतून (दुसऱ्या मशिनवरून लॉगिन करण्याच्या सोयीतून) उघडायचा. आर्चमध्ये ती सेवा एक्सझेडच्या लायब्ररीला (अनेक सॉफ्टवेअर वाटून वापरतात त्या कोडला) थेट जोडलेली नसल्याने ती वाट उघडी नव्हती, पण वाईट पॅकेज मशिनवर आले होते हे खरे.

रोलिंग सिस्टिम सांभाळताना. आर्चवर एकच नियम मोडायचा नाही: अपडेट पूर्ण करायचे. पॅकमन या आर्चच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाची पॅकमन -एसवाययू (मोठा एस, मग लहान वाय आणि यू) ही आज्ञा यादीही ताजी करते आणि सगळी पॅकेजेही. नुसते -एसवाय देऊन एखादेच पॅकेज बसवले तर ते नव्या लायब्ररीवर बांधलेले असते आणि मशिनवर लायब्ररी जुनी असते. मग कार्यक्रम ‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’ म्हणून सुरूच होत नाही. अपडेटआधी आर्चच्या मुख्यपानावरची बातमी वाचावी, कारण हाताने करायचे बदल तिथेच सांगितलेले असतात. नंतर .पॅकन्यू फाइली पाहाव्यात. आपण बदललेल्या सेटिंगवर पॅकमन नवी सेटिंग थापत नाही, ती या नावाने शेजारी ठेवतो. तिकडे महिनोन्‌महिने पाहिले नाही की एखादी सेवा अचानक बंद पडते.

एक प्रकार नवशिक्याला हमखास गोंधळात टाकतो. अपडेटमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला, मशिन रीस्टार्ट केले नाही, आणि कुणी पेनड्राइव्ह आणून लावला, तर तो दिसतच नाही. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. चालू कर्नलच्या मॉड्यूलांचा (लागतील तेव्हा जोडल्या जाणाऱ्या भागांचा) फोल्डर अपडेटने काढून टाकलेला असतो, त्यामुळे पेनड्राइव्हच्या फाइल सिस्टिमचे मॉड्यूल आधीपासून मेमरीत नसेल तर आता ते आणायला जागाच उरत नाही. रीस्टार्ट केले की सगळे सुरळीत. म्हणून कर्नलचे अपडेट संध्याकाळी, काम संपल्यावर करावे.

कोल्हापुरात यात पावसाळ्याची भर पडते. 2019 आणि 2021 च्या पुरांसारखी वेळ आली आणि मशिन काही आठवडे बंद राहिले, तर पॅकेजांच्या सह्या तपासणाऱ्या किल्ल्या जुन्या झालेल्या असू शकतात आणि अपडेट ‘सही विश्वासार्ह नाही’ म्हणून थांबते. सही तपासणी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आधी आर्चलिनक्स-कीरिंग हे या किल्ल्यांचे पॅकेज ताजे करावे आणि लगेच पूर्ण अपडेट करावे. महिनाभराचे डाउनलोड सहज एक-दोन जीबीचे होते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते सुरू करू नये.

अपडेट चालू असताना लाइट गेली तर दोन्ही पद्धतींत नुकसान होते, फक्त रोलिंगमध्ये अपडेट वारंवार असल्याने गाठ पडण्याची शक्यता जास्त. इनिटरॅमएफएस फाइल (बूट होताना सुरुवातीलाच लागणारी) अर्धवट लिहिली गेली की मशिन बूट होत नाही. आर्चवर लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कचे विभाग जोडून, आर्च-क्रूट या आज्ञेने बसवलेल्या सिस्टिमच्या आत जावे, पॅकमनची राहिलेली कुलूप-फाइल काढावी, अपडेट पुन्हा चालवावे आणि मकइनिटसीपीआयओ -पी (मोठा पी; ही आज्ञा इनिटरॅमएफएस पुन्हा बनवते) द्यावे. डेबियन-उबुंटूवर बहुतेकदा डीपीकेजी --कॉन्फिगर -ए आणि मग एपीटी -एफ इन्स्टॉल (ए आणि एफ लहान) एवढ्या आज्ञांनी भागते. दोन्हीकडे यूपीएस लावणे स्वस्त पडते.

बूटचा घोळ लाइट न जाताही होतो. ऑगस्ट 2022 मध्ये ग्रबच्या (मशिन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) नव्या पॅकेजाने तयार केलेल्या सेटिंग फाइलमधली एक आज्ञा आधीच बसलेल्या जुन्या ग्रबला कळेना, आणि आर्चवर बेतलेली कित्येक मशिने सुरूच होईनाशी झाली. ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवल्यावर ती उठली. टम्बलवीडवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम आणि स्नॅपर (तिचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या प्रती, राखणारे साधन) सुरुवातीपासून जोडलेले असल्याने अशा वेळी बूट यादीतून कालचा स्नॅपशॉट निवडता येतो. हे एक कारण टम्बलवीड निवडायला पुरेसे आहे.

पॉइंट रिलीजचा त्रास साचून, एकदम येतो. एलटीएसवरून पुढच्या एलटीएसला जाताना बाहेरचे पीपीए (इतरांनी चालवलेले जादा रेपो) बंद केले जातात आणि त्यांतून आलेली पॅकेजे अधांतरी राहतात. उबुंटू ही उडी पहिला दुरुस्ती-संच, म्हणजे .1, निघाल्यावरच सुचवते, तेवढे थांबावेच. 9 महिन्यांची आवृत्ती विसरून वापरत राहिले तर काही काळाने एपीटी अपडेटला 404 येऊ लागतो, कारण रेपो जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवलेला असतो. दुसरी अडचण नव्या लॅपटॉपची. जुन्या कर्नलला वाय-फायची चिप ओळखता येत नाही. त्यावर उबुंटूत एचडब्ल्यूई कर्नल (नव्या हार्डवेअरसाठीचा) आणि डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स (चालू आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजे) आहेत. त्यासाठी रोलिंगवर जायची गरज बहुधा पडत नाही.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरवर मिलिंग मशिन चालवायचे असेल तर प्रश्नच नाही, पॉइंट रिलीजच घ्यावी. त्याची तयार आयएसओ डेबियनवर, रिअल-टाइम (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणाऱ्या) कर्नलसह मिळते. ती बसवून, लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा उशीर) चाचणी घेऊन, आकडे लिहून ठेवावेत आणि कर्नल होल्डवर टाकावा, म्हणजे अपडेटमधून वगळावा. कर्नल बदलला तर ती चाचणी पुन्हा घेतल्याशिवाय मशिनवर जॉब लावू नये. त्याच वर्कशॉपच्या ऑफिसात ड्रॉइंगसाठी ताजे फ्रीकॅड हवे असेल, तर ते डेबियनवरच फ्लॅटपॅकने (सिस्टिमच्या पॅकेजांना हात न लावता बसवण्याच्या सोयीने) वेगळे बसवता येते.